गाण्याआधीचा आवाज

ती तक्रार माझ्यासमोर आली ती सकाळ अजून लख्ख आठवते. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी सांगलीत एका ठाण्याचा प्रभारी होतो. हजेरी उरकून टपाल पाहत होतो, तेवढ्यात कुपवाडच्या कारखान्यात लेथवर काम करणारा एक तरुण अर्ज घेऊन उभा राहिला. वर्षभरापूर्वी त्याने कराडजवळच्या मलकापूरच्या मुलीशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं होतं. जाती वेगळ्या. कोणत्या, ते लिहीत नाही. लोक पहिल्यांदा तेच विचारतात, म्हणूनच लिहीत नाही. मुलीच्या वडिलांनी चारचौघांत जिवे मारायची भाषा केली होती, त्यामुळे हे जोडपं कुणाला पत्ता न देता राहत होतं.

"सायेब, त्यांना आमचा माग लागलाय," तो म्हणाला. "ष्टँडवरच्या रेडिओवरनं बोलत्यात."

मला हसू आलं. बसस्थानकावर एका जाहिरात कंत्राटदाराने कर्णे लावले होते. दिवसभर गाणी, मधूनमधून जाहिराती आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. लोक त्यालाच रेडिओ म्हणत. या तरुणाची बायको रोज सकाळी तिथून कामाची बस धरायची. नेमक्या त्याच सुमाराला एखाद्या गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर एका बाईचा आवाज यायचा. तिला पोचवायला जाताना त्याने तो स्वतः ऐकला होता. नाव नाही, गाव नाही. "उपाशीपोटी जाऊ नगंस." "वारं लय सुटलंय, कान बांध." आणि मागच्या शुक्रवारी, "काल पिवळी साडी नेसली हुतीस. तुला पिवळा रंग खुलतो."

आदल्या दिवशी तिने खरोखरच पिवळी साडी नेसली होती. माझं हसू तिथंच थांबलं.

त्या मुलीला बोलावून जबाब घेतला. "मला कायबी म्हाईत न्हाई," एवढंच ती म्हणाली. घाबरलेला माणूस ठाण्यात बसला की सारखा दाराकडे बघतो, हा माझा अनुभव. ही एकदाही दाराकडे बघत नव्हती. हे मी मनात ठेवलं.

आमचे जमादार बापाला उचलून आणायला निघाले होते. मी थांबवलं. यामागे बाप असेल तर तो सावध होणार, आणि नसेल तर मुलीचा ठावठिकाणा आम्हीच त्याच्या हातात देणार. आधी आवाजाचा शोध घ्यायचं ठरवलं.

स्थानकाच्या माडीवर कंत्राटदाराची खोली होती. तिथं संगणकावर एक मध्यमवयीन बाई काम करत. त्यांनी सगळं दाखवलं. गाणी एकीकडे, आवाज दुसरीकडे साठवलेले. कुठल्या वेळी कुठल्या गाण्याच्या सुरुवातीवर कुठला आवाज चढवायचा, ते आधीच लावून ठेवायचं. मग यंत्र आपणहून गाणं हळू करतं, आवाज ऐकवतं आणि गाणं पुन्हा मोठं करतं.

"म्हणजे बोलणारी बाई तेव्हा इथं नसते?"

"नसती की. एकदा यायचं, आठवड्याचं बोलून ठिवायचं."

"कोण आहे ती?"

बाई पुन्हा संगणकाकडे वळल्या. मी आवाज चढवला, काही उपयोग झाला नाही. चहा मागवला, तरी नाही. "मी सांगनार न्हाई असा तिला शबूद दिलाय, सायेब." शेवटी मी एवढंच विचारलं, की हे आवाज भरले कधी ते यंत्रात दिसतं का. दिसत होतं. सगळे गुरुवारी भरलेले. पिवळी साडीही गुरुवारचीच.

पुढच्या गुरुवारी मी साध्या वेशात स्थानकावर जाऊन बसलो. कराडच्या गाडीतून एक साठीकडे झुकलेली बाई उतरली आणि रसवंतीच्या आडोशाला उभी राहिली. थोड्या वेळाने ती मुलगी आली. बस लागली तरी चढेना. कर्ण्यातून आवाज आला, गाणं सुरू झालं, मग चढली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत म्हातारी हलली नाही. नंतर गुडघ्यावर हात टेकत जिना चढू लागली. मी तिच्या मागोमाग गेलो आणि वर खोलीत माझी ओळख सांगितली.

"तुम्ही त्या मुलीच्या कोण?"

"आई." ती खाली बसली. "डोळं दाखवाय दर गुरवारी मिरजंच्या दवाखान्यात जाते. गाडी बदलताना येकदा लांबनं दिसली."

"मग हाक का मारली नाही?"

"मालकांनी द्येवाम्होरं शपथ घ्याय लावलीया. लेकीला भेटायचं न्हाई, तिच्यासंगं बोलायचं न्हाई. मी कुटं बोलते? मी ह्या मशीनसंगं बोलते." मग हात जोडून म्हणाली, "मालकांना कळलं तर मिरजंचं येनंबी बंद व्हईल, सायेब. एवढंच उरलंय."

मी तिला उठवून खुर्चीवर बसवलं.

संध्याकाळी नवरा-बायकोला बोलावून सगळं सांगितलं. नवरा तिच्याकडे वळला. "तुला ठावं हुतं?"

"पयल्या दिवसापासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बंद कराय लावलं असतं."

त्याने कोरा कागद मागून घेतला. मग अर्ज मागे घेत असल्याचा जबाब लिहून दिला आणि निघाला. ठाणे दैनंदिनीत मी 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असं नोंदवलं. मलकापूरला कुणालाही पाठवलं नाही.

पाळत ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती, त्यातली बरीचशी वाईट होती. त्यामुळे लक्ष ठेवणारा म्हणजे डूख धरणारा, असं आमच्या खात्यात गृहीतच असतं. ते गृहीत धरून मी जीप मलकापूरला धाडली असती, तर त्या घरात काय झालं असतं याचा विचार आजही अस्वस्थ करतो.

पुढे एकदा गुरुवारीच बंदोबस्तासाठी स्थानकावर होतो. मुलीची बस नुकतीच गेली होती. म्हातारी जिन्याकडे वळली आणि गाण्याआधी कर्ण्यातून एका पुरुषाचा अडखळता आवाज आला. "आई, मी जावई बोलतोय. गुरवारी आमची सुट्टी असती. माज्यासंगं न बोलायची शपथ तुमी घेतल्याली न्हाई. गाडी घिऊन फाटकात हुबा हाय. मिरजंला मी सोडतो."

म्हातारी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली. डोळ्यांना पदर लावला आणि फाटकाच्या दिशेने चालू लागली.