मोटारीत डोकं कुठल्या बाजूला?

बायांनो, नातीकडून लिहून घेतेय. चुका तिच्या, टोमणे माझे.

दामू, माझा लेक, घाटावर महिनाभर मीठ विकत हिंडणार, राहणं-झोपणं मोटारीतच. मलाही त्याच्यासोबत जायचंय. सून म्हणाली, "मोटारीत नीट आडवं पडता आलं तरच जा."

म्हणून आज सकाळी मोटार ठरवायला आम्ही दोघं पनवेलच्या गॅरेजात गेलो. दामूला मोठी लॉरी आवडली. तिच्यावर चढताना माझ्या गुडघ्यांनी रामराम ठोकला. बाजूची बुटकी बरी वाटली. आत झोपायला फळी ठोकलेली, उशीसुद्धा. मी आडवी झाले आणि ताडकन उठले.

"काय झालं गं आये?"

"डोकं उत्तरेला हाय! मी अजून मेले नाय."

मालक हसला. "आजी, मोटार वळवली की दिशा बदलते."

"दामू, रोज माझ्यासाठी मोटार वळवशील?"

"त्यापेक्षा तू वळ की! उशी त्या टोकाला ठेव."

तशी झोपले, पाय नीट पसरले. बुटकीच ठरली!

परवा निघायचं. दुपारपासून गाठोडं चारदा सोडून बांधलं. बायांनो, तुमच्यापैकी कोण महिनाभर घराबाहेर झोपलंय? आपल्या मिठागरावरची झोपडी सोडून सांगा.