सहावा दगड

तळेगावच्या फाट्यावर मोटार उभी होती. एक ट्रंक, दोन वळकट्या, बायको आणि दोन मुली. साल छप्पन, महिना नोव्हेंबर. राज्यांची फेरमांडणी होऊन आपला वर्धा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता आणि मी, नागपूरच्या कचेरीतला कारकून, भोपाळच्या वाट्याला आलो होतो. तसा हुकूमच निघाला होता.

बाबांनी ट्रंक वर चढवली आणि विचारलं, "काऊन रे, हा राज्यांचा संघ अन् सरकार एकच नाई का? मंग दुसऱ्या राज्यात गेला म्हून तू परका कसा होशीन?"

घाईत मला एकच उदाहरण सुचलं. "बाबा, संघ म्हणजे आपली सावड. ज्याचं शेत त्याचं, पण नांगर सगळ्यांचा मिळून. सरकार म्हणजे हुकूम देणारं."

बाबा हसले. "सावडीत कोनाचा हुकूम चालते? जो तो आपल्या जबानीनं बांधला राह्यते. मंग तुह्या दगडाची काळजी करू नको."

आपल्याकडची रीत गाव सोडून गेलेल्यांच्या मुलांना ठाऊक नसेल, म्हणून लिहितो. आमच्या सावडीत सहा शेतं. हंगामाआधी मारोतीकाकांच्या ओट्यावर प्रत्येक शेताचा एक दगड ओळीनं मांडायचा. त्या क्रमानं पाळी. ज्याचा दगड, त्यानं बाकीच्या शेतांवर बैल घेऊन एकेक दिवस राबायचं. माणूस आला नाही तर दगड उचलायचा, म्हणजे तो सावडीतून बाहेर. पाचवा दगड बाबांचा. सहावा माझा, कारण चार एकर त्यांनी माझ्या नावे केले होते; नागपूरहून रजा काढून माझे दिवस मीच भरायचो.

भोपाळहून मी लिहिलं, "माझं शेत मक्त्यानं देऊन टाका." उत्तरात एक कार्ड आलं : सर्व ठीक आहे, पोरींना जपणे. पुढची दोन वर्षं असंच एकेक कार्ड येत राहिलं. मीही फार खोलात शिरलो नाही. नवं क्वार्टर, नवी बोली, दफ्तरात 'बाबूजी' म्हणणारे लोक. मुली आपसात हिंदी बोलू लागल्या. तळेगावला त्या 'दादाजी का गाँव' म्हणत.

तिसऱ्या वर्षी पेरणी उरकली आणि बाबा गेले. तार हाती पडून मी पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता.

तेरवीनंतर सावडीतले बाकीचे चौघे मारोतीकाकांच्या ओट्यावर जमले होते. ओळीत सहा दगड तसेच होते. मी चमकलो. "माझा दगड अजून कसा?"

मारोतीकाका म्हणाले, "तुह्या बापानं उचलू देल्ला नाई. तुह्या नावचे दिवस तोच भरत गेला. आमी म्हटलं, बुढ्या, मक्त्यानं दे. तर म्हने, मंग पोरगा आला तं बसन कुठी?"

हिशेबाची सवय जात नाही. बाकीची चार शेतं, नांगरणी, वखरणी, पेरणी : वर्षाला बारा दिवस बाबांचे आणि बारा माझे. चोवीस दिवस, पासष्टीतला माणूस, तीन वर्षं. त्यातले छत्तीस दिवस माझे होते.

"आता तू सांग," काका म्हणाले. "ठेवाचा का?"

ठेवा म्हटलं असतं तर त्यांनी ठेवला असता, आणि माझे दिवस त्या चौघांनी वाटून घेतले असते. मी म्हणालो, "उचला."

शेवटी मारोतीकाकांनीच तो दगड उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. "घेऊन जा. पर येत जाजो बा."

भोपाळला मला सरकारनं पाठवलं. तिथं मला कोणी विचारलं नव्हतं. सावडीतून मात्र मी माझ्याच तोंडानं बाहेर पडलो. बाबांना फाट्यावर सांगितलेला फरक मला त्या ओट्यावर कळला.

दगड आता इथं भोपाळला खिडकीत आहे. तळेगावची माती त्याच्या एका खाचेत अजून आहे. शेतं मक्त्यानं गेली; घर म्हणून माझ्याकडे तेवढंच उरलं आहे. मोलकरणीला सांगून ठेवलं आहे, तो धुवायचा नाही.