वैशालीला मी सांगितलेला कॅमेरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, धंद्यातल्या दोस्तांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — ते मलाही नीट कळत नाही.

आधी एक ठासून सांगतो, कॅमेऱ्यातलं मला कळतं. परभणीत लग्नांचं शूटिंग करण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. जिंतूर, सोनपेठ, मानवत, कुठूनही पोरं येतात आणि विचारतात, कोणता कॅमेरा घेऊ? मी उलट विचारतो — काम कसलं? एकटा जाणार, की जोडीला कुणी? सलग किती वेळ चालवणार? एवढं कळलं की माझं उत्तर तयार असतं, आणि ते चुकत नाही. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातंय. एकदा मी चुकीचं उत्तर दिलं — आणि ते चुकून दिलं नव्हतं.

वैशाली गंगाखेडची. माझ्याकडे दुसरा कॅमेरा धरायची. मी नवरीच्या खोलीत शिरलो की बाया पदर सावरून ताठ बसायच्या. ती शिरली की तिला विसरून जायच्या. मुंडावळ्या नीट करता करता आईचा हात लेकीच्या कपाळावरच थांबतो ना — तो हात तिला सापडायचा. मला कधीच सापडला नाही. पुढं पुढं लोक कामाचं ठरवतानाच म्हणायला लागले, “त्या ताईंना पाठवा बरं का.” मी हसून हो म्हणायचो. आतून? आतून मला ते टोचायला लागलं होतं.

एक दिवस ती म्हणाली, “दादा, आता माझं मीच काम करावं म्हणायलेय. गंगाखेडलाच. कॅमेरा तुमी सांगताल तोच घेणार.”

मी म्हणालो, वा! आणि डोक्यात पहिला विचार आला तो हा, की माझ्या हंगामातली चांगली लग्नं गंगाखेडकडचीच आहेत.

दुकानात आमच्यासमोर दोन कॅमेरे होते. एक थोराड, दिसायला बेढब. पण गार ठेवायला आत पंखा, एकाच वेळी दोन कार्डांवर रेकॉर्डिंग, दिवसभर चालवा, कुरकुर नाही. दुसरा छोटा, हलका. चित्र असं सुरेख की बघत राहावं. पण सलग चालवला आणि ऊन असलं की तापायचा, आणि आपोआप बंद पडायचा. मला कसं ठाऊक? उन्हाळ्यात तोच भाड्यानं घेऊन मी चारठाण्याची जुनी देवळं शूट करायला गेलो होतो. दुपार होईपर्यंत सारखा बंद पडला. तिथं काही बिघडलं नाही. सावलीत थांबलो, निवू दिला, पुन्हा चालू केला. दगडाचं देऊळ कुठं जातंय? पण मंगलाष्टकं कुणासाठी थांबतात का?

वैशालीनं तो छोटा हातात घेतला, मागून पुढून पाहिला, आणि विचारलं, “उन्हात गरम होऊन बंद तर पडत न्हाई ना, दादा?”

नेमका प्रश्न. याहून नीट तिनं काय विचारायला हवं होतं?

“न्हाई,” मी म्हणालो. “लग्नाला हाच घे. लय भारी चित्र हाय.”

अनवधानानं तोंडातून गेलं असं नाही. मी हिशेब केला होता — एखाददोन लग्नं बिघडतील, पोरगी घाबरेल, परत येईल.

मे महिन्यात गंगाखेडला लग्न होतं. नवरीचे वडील माझ्या ओळखीचे, म्हणून मला आवतण. दुसरं एक काम उरकून मी तसाच गेलो होतो, माझा कॅमेरा गाडीतच होता. मुहूर्त दुपारचा, मांडवात वाऱ्याची झुळूक नाही. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि मागं उभ्या असलेल्या मला दिसलं — वैशाली बटण दाबतेय, पुन्हा दाबतेय. ओला रुमाल कॅमेऱ्याला गुंडाळतेय. शेवटी तिनं मोबाईल काढला, तोवर अक्षता पडून माळा घालून झाल्या होत्या.

नवरदेवाचा चुलता भरमांडवात ओरडला, “बाईमाणसाला काम दिलं की असंच व्हतंय!”

ती मोबाईलवरच शूट करत राहिली. माझी गाडी मांडवाच्या बाहेरच लावलेली. आठवलं नाही का मला? ती ओला रुमाल गुंडाळत होती तेव्हाच आतला कॅमेरा आठवला. मी जागचा हललो नाही.

दुसऱ्या दिवशी ती परभणीला आली. “माझंच कायतरी चुकलं असंल, दादा. तुमी तर बघून दिलता.”

“व्हतं असं सुरुवातीला,” मी म्हणालो.

गावात बोभाटा झाला. ठरलेली कामं गेली. तिनं कॅमेरा विकून टाकला, आणि दिवाळीच्या आत ती पुन्हा माझ्याकडे आली. लोक म्हणाले, माणूस दिलदार आहे, सांभाळून घेतलं पोरीला. मी म्हणू दिलं.

अजून ती माझ्याकडेच आहे. नवरीच्या खोलीतल्या ज्या दृश्यांसाठी लोक माझं नाव घेतात, ती तिची आहेत. नवीन पोरं कॅमेऱ्याचं विचारायला आली की तीच त्यांना सांगते, “दादांना विचारा. दादा खोटं सांगत न्हाईत.” मी समोरच बसलेला असतो. खाली बघतो, काहीतरी चाळल्यासारखं करतो.

मी चांगला कारागीर आहे, तेव्हाही होतो. भिण्यासारखं काही नव्हतं, दोघांना पुरून उरेल एवढं काम या जिल्ह्यात आहे. तरी मी ते केलं.

उद्या सकाळी ती येईल, बॅटऱ्या चार्जिंगला लावेल, चहा सांगेल. मी तिला समोर बसवून हे सगळं असंच सांगणार आहे. गंगाखेडकडची लग्नं यापुढं मी घेणार नाही. त्यानं भरपाई होत नाही. त्या नवरीकडे तिच्या अक्षतांचं चित्र नाही ते नाहीच. आणि वैशालीची मधली वर्षं माझ्या नावावर लागली, ती लागली.