वहिनींचं चुकलं तेव्हा

आमच्या वहिनींइतकी हट्टी बाई साऱ्या टेक्सासात दुसरी नव्हती, आणि टेक्सास म्हणजे काही लहानसहान राज्य नव्हे. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. दादा आणि मी इंजिनियर, चारचौघांसारखे. वहिनी मात्र डॅलसच्या एका विद्यापीठात मलेरियावर संशोधन करायच्या. मराठी मंडळाच्या पिकनिकला बाकीच्या बायका घरांच्या किमती आणि ग्रीन कार्डाबद्दल बोलत असताना वहिनी बटाटेवड्याची डिश हातात घेऊन डासांबद्दल बोलत. "नर बिचारा फुलांचा रस पिऊन राहतो हो, चावते ती मादी," असं त्या सांगू लागल्या की दादा हळूच माझ्याकडे बघून मान डोलवायचा.

ऐंशीच्या दशकात त्यांच्याकडे आफ्रिकेतून तरुण डॉक्टर शिकायला येत. इथं शिकलेली गोष्ट तिकडे वीज नसतानाही करता आली पाहिजे, नाहीतर ते शिक्षण नव्हे, सहल आहे, असं वहिनींचं मत. डिपार्टमेंटमध्ये दिव्यांचे नवे कोरे मायक्रोस्कोप असताना त्यांनी अडगळीतून आरशाचे जुने मायक्रोस्कोप शोधून काढले आणि भर जुलैत विद्यार्थ्यांना पार्किंग लॉटमध्ये नेऊन बसवलं. आरशात ऊन धरायचं आणि काचेवरच्या रक्तात मलेरियाचे जंतू शोधायचे. कुणीतरी कळवलं असावं, सिक्युरिटीवाला गाडी घेऊन आला. "मॅडम, काय चाललंय इथं?" त्यानं विचारलं. "रक्त बघतोय," वहिनी म्हणाल्या. त्याचा हात आपोआप कमरेच्या पट्ट्याकडे गेला. वहिनींनी त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं आणि त्याचा डोळा मायक्रोस्कोपला लावला. त्याला जंतू दिसला तसा तो "ओ माय गॉड" म्हणत उठला, आणि त्या दिवसापासून वहिनींच्या वर्गासाठी ऊन येणारी चांगली जागा नारिंगी शंकू ठेवून राखून ठेवू लागला.

दुसरा हट्ट दुरुस्तीचा. रक्त गरगर फिरवून त्यातले घटक वेगळे करणारं जे यंत्र असतं, ते प्रत्येक विद्यार्थ्यानं संपूर्ण खोलून पुन्हा जोडलंच पाहिजे. एकदा जोडणी झाल्यावर एक स्प्रिंग उरली. यंत्र चालू केलं तर छान चाललं. पोरं खूश होऊन कोट घालू लागली, तेवढ्यात वहिनी दारात उभ्या. "चालतंय म्हणजे बरोबर आहे, असं कुणी सांगितलं?" पुन्हा सगळं खोललं. डिपार्टमेंटच्या हेडला यातलं काही ठाऊक नव्हतं. हा माणूस आपल्या यंत्रांवर पोटच्या पोरांसारखी माया करायचा, त्यामुळे ते बरंच झालं.

या विद्यार्थ्यांत झांबियाचा मुसोंडा वहिनींचा विशेष लाडका. तो उंच, मितभाषी आणि हसला की सगळं घर हसायचं. वहिनींनी एकदा मक्याच्या पिठाची उकड केली, तेव्हा पहिला घास घेऊन तो म्हणाला, "मॅडम, हे आमच्याकडचं जेवण आहे. फक्त तुम्ही त्यात उगाच मिरच्या घातल्यात." पुढं तो बायको आणि लहान मुलीला घेऊन दर रविवारी यायचा. त्याची डॉक्टरेट पुरी होत आली तेव्हा हेडनं त्याला तिथंच नोकरी देऊ केली. पगार चांगला होता, बायकोलाही डॅलस आवडलं होतं.

त्या रविवारी आम्ही सगळे टेबलाशी बसलो होतो. वहिनी म्हणाल्या, "आता तू परत जाणार, तर तिथलं काम कुठून सुरू करायचं ते ठरवू."

मुसोंडानं चमचा खाली ठेवला. "मॅडम, एक विचारू? तुम्ही का नाही परत गेलात?"

दादानं पाण्याचा ग्लास उचलला तो तसाच धरून ठेवला. वहिनी म्हणाल्या, "मी गेले होते. ज्या संस्थेत काम मागितलं, तिथं मला बसायला टेबल नव्हतं. मी वाट पाहिली, मग कंटाळून आले. तुझं बरोबर आहे. तुला 'जा' म्हणायचा मला अधिकार नाही. पण टेबल आधी तयार झालं तर जाशील?"

"टेबल असेल तर जाईन," तो म्हणाला.

आणि मग वहिनी पेटल्या. त्याच सुमारास डिपार्टमेंटला झांबियातल्या मलेरियाचं मोठं काम मिळालं होतं आणि वहिनी त्याच्या प्रमुख होणार होत्या. बेत असा, की तिकडच्या मुलांचं रक्त बर्फात घालून विमानानं डॅलसला आणायचं आणि तपासायचं इथं. वहिनी मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. "ताप त्यांचा, रक्त त्यांचं, आणि उत्तर मात्र डॅलसला? लॅब तिकडे बांधा." हेड म्हणाला, "बी प्रॅक्टिकल. तिकडे चालवणार कोण?" "मुसोंडा." "मग तुम्ही प्रमुख कशाला हव्यात?" त्याला वाटलं, बाई आता गप्प बसेल. वहिनी म्हणाल्या, "तेच म्हणतेय मी. नकोच आहे." महिनोन्‌महिने भांडून त्यांनी काम तिकडे नेलं, प्रमुखपद मुसोंडाला दिलं, आणि त्या वर्षी होणारं त्यांचं प्रमोशन अर्थातच झालं नाही. घरी येऊन त्यांनी त्याचं एवढंच केलं, की दादाला सांगितलं, "अहो, नवी गाडी कॅन्सल."

काही वर्षांनी मुसोंडा डॅलसच्याच एका परिषदेत भाषण द्यायला आला. वहिनी ठेवणीतली पैठणी नेसून, दादाला आणि मला सोबत घेऊन गेल्या. वहिनींनी पूर्वी लिहिलं होतं, की झांबियात मलेरियाच्या नेहमीच्या गोळ्या अजून लागू पडतात. ताप उतरत नाही तो मुलं त्या कडू म्हणून थुंकतात म्हणून, एवढंच. मुसोंडानं मुलांना समोर बसवून गोळ्या दिल्या होत्या, रोज रक्त तपासलं होतं, आणि तरी कितीतरी मुलांच्या रक्तातले जंतू गेले नव्हते. औषधच निकामी होऊ लागलं होतं. एका म्हाताऱ्या प्रोफेसरनं विचारलं, "पण डॅलसच्या संशोधकांनी वेगळं म्हटलं होतं ना?"

मुसोंडा म्हणाला, "हो. त्यांचं चुकलं. त्या माझ्या गुरू आहेत, आणि समोरच बसल्यात."

सगळ्या माना वळल्या. वहिनी उठून उभ्या राहिल्या आणि एकट्याच टाळ्या वाजवू लागल्या. दादा कुजबुजला, "अगं, तो तुला चूक म्हणतोय."

"कळतंय मला. तुम्ही वाजवा!"

पुढं वर्षभर मंडळात भेटेल त्याला त्या सांगत होत्या, "आमच्या मुसोंडानं मला खोटं पाडलं हो, भर सभेत!" पोराचं लग्न ठरल्यासारखा चेहरा असायचा.

तिकडे गेल्यावर सुरुवातीला त्याची जाडजूड पत्रं यायची, नुसत्या प्रश्नांनी भरलेली. हळूहळू ती बारीक झाली. परवा मी गेलो तेव्हा नवं पत्र आलेलं होतं. पाऊस चांगला झाला, धाकट्याला दात आले, दोन नवे विद्यार्थी हाताखाली आलेत, असं काहीबाही. "बघा भावोजी," वहिनी अभिमानानं म्हणाल्या, "एकही प्रश्न नाही."

मग त्यांनी चष्मा पुसला, कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली, आणि तो हळूच घडी करत पुन्हा म्हणाल्या, "एकही नाही."