माळाला नावं ठेवायची नाहीत

मी सेलूकडचा, काळ्या रानातला. निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा राणीसावरगावाजवळच्या एका खेड्यात मुलगी बघायला गेलो. चहा यायच्या आधीच मुलीच्या वडिलांनी मला उठवलं आणि गावामागच्या माळावर नेलं. ऐन वैशाखातली दुपार. डोळ्यांत धूळ, पायाखाली तापलेले दगड आणि लांबवर हिवराचं एक वाळकं झाड. "कसं वाटायलंय?" त्यांनी विचारलं. मुलगी अजून बघायची होती, म्हणून मी छान म्हणालो. लग्न तिथंच ठरलं.

हे माझे सासरे, तात्या. माळ म्हणजे गावचं गायरान. त्यातला एक दगडही तात्यांच्या नावावर नव्हता. पण बोलायचे जहागीरदाराच्या थाटात. उन्हाळ्यात माळ करपला की तो 'आराम करायलाय' म्हणत. पावसानं दडी मारली की इथल्या गवताला पाण्याचा हावरटपणा नाही, असं कौतुक. श्रावणात चार बोटं हिरवळ उगवायची आणि तेवढ्यात तात्या सगळ्या सोयऱ्यांना निरोप धाडून बोलावून घ्यायचे. थंडीत त्याच गवताची कुसळं होऊन धोतरात घुसत. मी ती उपटत बसलो की ते म्हणत, "जावईबापू, तुमच्या काळ्या रानातला चिखल धरला की सोडत न्हाई. हितलं कुसळ लय समजूतदार." त्या समजूतदार कुसळांनी माझी दोन धोतरं फाडली.

माळावर खरं पोट होतं खंडूचं. त्याची मेंढरं सुगीनंतर शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी बसायची, पण बाकी वर्षभर माळच त्यांना पोसायचा. अशात बातमी आली की जंगलखात्याचे साहेब माळ बघायला येणार आहेत. जमीन बरी दिसली तर तारा ठोकून झाडं लावणार आणि चराई बंद. टाकाऊ दिसली तर पुढच्या गावाला जाणार. साहेबापुढं बोलायचा मान तात्यांचा. खंडूनं त्यांचे पाय धरले, एकदाच माळाला चार नावं ठेवा म्हणाला. तात्या कबूल झाले. ओसरीवर बसून मी ती नावं त्यांच्याकडून पाठही करून घेतली.

साहेब आले, घाम पुसत चौफेर बघितलं आणि इथं कुत्रंसुद्धा राहणार नाही म्हणाले. काम झालं होतं. तात्यांनी नुसती मान हलवायची होती. पण त्यांचे कान लाल झाले.

"साहेब, तुमी उन्हात आलाव म्हणून. श्रावणात या. हितलं गवत खाल्लेलं मेंढरू महिन्यात वळखू येत न्हाई."

मी मागून त्यांचा सदरा ओढला. तोवर शेजारी उभा असलेला खंडूच सुरू झाला. इथल्या चाऱ्यावरच्या शेळीच्या दुधाची चव तो साहेबांना रंगवून सांगू लागला. साहेबांवर छाप पडली. महिन्याभरात तारा ठोकल्या गेल्या. मी विचारलं तेव्हा खंडू मान खाली घालून एवढंच म्हणाला की त्यालाही राहवलं नाही.

वर्षभर तो रस्त्याकडेनं मेंढरं हिंडवत आणि लोकांच्या शिव्या खात राहिला. कोकरं मेली. गाव सोडून गोदावरीपलीकडं जायची भाषा करू लागला. तात्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. पुढच्या वैशाखात रोपं जळून गेली आणि साहेब पुन्हा आले. पाण्याची सोय करून पुन्हा लावावीत की माळ सोडून द्यावा, गावाचं मत काय, असं त्यांनी तात्यांनाच विचारलं. खंडू जमिनीकडं बघत उभा होता.

तात्यांनी माळाकडं पाठ केली आणि आवाज अगदी खाली आणला.

"बेकार हाय, साहेब. हितं काय उगवायचं न्हाई. आमी उगंच बोललो."

माळ सुटला. गाव खूश झालं. तात्या मात्र त्या संध्याकाळी जेवायला उठेनात. ऊन लागलं असेल म्हणून मी कांदा घेऊन गेलो, तर म्हणाले, "जावईबापू, एवढं वय झालं, आज पयल्यांदा खोटं बोललो."

मला हसू यायला हवं होतं. भरून आलं.

तारा निघाल्या त्याच दिवशी खंडूची मेंढरं माळावर चढली. तात्यांना बोलवायला तो स्वतः घरी आला, पण ते गेले नाहीत. माळाला काय तोंड दाखवू म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून निजले.