रंगूताई स्वतःवर पाळत ठेवते

रंगांच्या दुकानात रंग कालवता कालवता तिचं खरं नाव कधी मागे पडलं ते कुणालाच कळलं नाही. गल्लीत, घरात, सगळीकडे ती रंगूताई. गिऱ्हाईक जुन्या भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणायचं. रंगूताई तो दारातल्या उजेडात धरायची, पांढऱ्यात जरासा काळा, थेंबभर पिवळा सोडायची, पुठ्ठ्यावर एक पट्टा ओढायची आणि केस वाळवायच्या यंत्राने तो वाळवायची, कारण ओला रंग हमखास फसवतो. मग म्हणायची, "घ्या, हाच." आणि तोच असायचा!

आपण म्हणजे अगदी गरीब गाय, असं तिचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. "मला बाई भांडण जमतच नाही," हे ती इतक्यांदा म्हणायची की एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता धाकटी नणंद फिस्सकन हसली.

"वहिनी, तुला भांडण जमत नाही? काल पायपुसण्यावरून खालच्या बाईंना केवढं झापलंस!"

"झापलं कुठे? सांगितलं फक्त."

"तुझं सांगणं गच्चीपर्यंत ऐकू येत होतं."

रंगूताईला ते चांगलंच झोंबलं. पण झोंबता झोंबता एक गंमतही वाटली. एवढी वर्षं आपण आपल्यासोबत राहतोय आणि आपल्याला आपला पत्ताच नाही की काय? तिने ठरवलं, दुसऱ्या दिवसापासून स्वतःवर पाळत ठेवायची. चोरावर ठेवतात तशी.

आणि काय सांगावं, चोर रोज सापडायला लागला! नणंद औषधांच्या दुकानातून दमून घरी आली, की रंगूताई तिला दारातच गाठायची.

"अगं, मी खोटं बोलते! एका बाईंना म्हणाले, हा जांभळा तुमच्या खोलीत खुलून दिसेल. भयंकर दिसणार आहे तो. मला माहीत होतं, तरी बोलले!"

दुसऱ्या दिवशी वेगळंच. "अगं, दुकानाच्या मालकांच्या प्रत्येक वाक्याला मी 'हो ना' म्हणते. ते चुकले तरी!"

"हे आख्ख्या घराला माहीत आहे, वहिनी."

"मला नव्हतं ना!" रंगूताईचे डोळे चमकत. नवऱ्याला वाटलं, ही नाराज होईल. पण ती उलट खुलत चालली होती. खालच्या बाईंची तिने जाऊन माफी मागितली. जांभळ्याच्या गिऱ्हाइकाला पुढच्या वेळी सरळ सांगितलं, "हा नको, पस्तावाल." मनावरचं झाकण उघडल्यासारखं हलकं वाटत होतं तिला.

पण पाळतीची चटक लागली. रंग कालवतानाही ती स्वतःच्या हाताकडे बघायला लागली. हा हात थांबतो कधी? थेंब पुरे झाला हे त्याला कळतं कसं? झालं! हात बावचळला. एका घराची हिरवी भिंत अशी काही बिघडली, की जोडकाम दुरूनही ठिगळासारखं दिसायला लागलं. पुढचा डबा मालकांनी स्वतः कालवायला घेतला. रंगूताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, दुकानामागच्या खोलीत डबे घुसळायच्या यंत्राची वायर जळाली. ठिणगी पडली ती नेमकी थिनरच्या सांडलेल्या ओघळावर. भक्कन जाळ उठला!

पुढचं सगळं इतकं झरझर झालं की रंगूताईला नंतर धड आठवेचना. आठवत होतं एवढंच, की हातातल्या निळ्या डब्याचं झाकण लागत नव्हतं. मग एकदम ती रस्त्यावर उभी, हातात मालकांच्या सदऱ्याची फाटकी बाही, आणि मागे धडाधड डबे फुटताहेत. अग्निशामक गाडी आली, आग विझली. मागची खोली कोळसा झाली, पण कुणाला साधा चटकाही बसला नव्हता.

मग लोक सांगायला लागले आणि रंगूताई तोंडाचा आ करून ऐकत राहिली.

दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या शिवणवर्गाच्या बाई म्हणाल्या, "अहो, जिन्यात उभं राहून काय ओरडलात! शिलाई टाकून सगळ्या जणी धावत सुटलो."

"मी वर आले होते?"

"आणि मी पाणी ओतायला बादली घेऊन आत चाललो होतो," मालक म्हणाले. "तुम्ही बादली लाथाडलीत. थिनरवर पाणी टाकलंत तर जाळ दुकानभर पसरेल, अक्कल गहाण टाकलीय का, असं म्हणालात मला. आणि खेचत बाहेर काढलंत."

"मी? तुम्हाला?"

घरी आल्यावर तिला राहवेना. "तो आवाज माझ्यात होता तरी कुठे?" तिने स्वयंपाकघरात उभं राहून तसं ओरडून बघितलं. चिरका, केविलवाणा सूर निघाला. नणंदेची हसून हसून मुरकुंडी वळली.

"एवढी पाळत ठेवली," रंगूताई म्हणाली, "आणि सगळ्यात मोठं काम केलं तेव्हा मीच जागेवर नव्हते बघ!"

"होतीस की. तेव्हा तूच होतीस, फक्त स्वतःकडे बघत नव्हतीस."

मग रंगूताईही खो खो हसत सुटली.

दुकान पुन्हा उभं राहिलं. थिनर आता वेगळ्या, हवेशीर खोलीत गेला. हाताची बोटं आपसूक वळणावर आली, कारण रंगूताईने त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं. बोलण्यावर मात्र तिची नजर अजून असते. तिथे फायदा झाला होता ना! आणि एक नवंच खूळ तिने डोक्यात घेतलं. आग लागली तर बाहेर कसं पडायचं ते अग्निशामक दलाकडून शिकून आली आणि गल्लीतल्या प्रत्येक दुकानात सराव घ्यायला लागली.

पहिल्याच सरावात चष्म्यांच्या दुकानाचा मालक छाती फुगवून म्हणाला, "मी आपला शांत माणूस. मी काही घाबरायचा नाही."

"तुम्ही काय कराल ते मला ठाऊक नाही, आणि खरं सांगू, तुम्हालाही नाही," रंगूताई म्हणाली. "म्हणून मागचं दार कुठे आहे तेवढं पायांना शिकवून ठेवा. चला, पळा!"

आणि सगळ्यांच्या आधी तीच धूम पळत सुटली.