काकीचा वडा, आईचा फोटो

माझ्या धाकट्या भावाचं लंडनमध्ये वडापावचं दुकान आहे. गेल्या वर्षी त्याने व्हिडिओ कॉल करून ते दाखवलं. गोरे लोक रांगेत उभे, आणि भिंतीवर आमच्या वारलेल्या आईचा भलामोठा फोटो. खाली इंग्रजीत लिहिलेलं, हा वडा माझ्या आईच्या हातचा.

माझं डोकंच फिरलं. आई शाळेत शिकवायची, तिने आयुष्यात वडा तळला नव्हता. तळला आमच्या काकीने. काका गेल्यावर तिने पनवेल एसटी स्टँडबाहेर वड्याची गाडी लावली आणि आई शाळेत असली की त्याच गाडीमागे बसवून आम्हा दोघांना खाऊपिऊ घातलं. भाऊ कॉलेजात गेला, तसा मित्र सोबत असले की रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. काकी हाका मारायची. हा मान वळवायचा नाही.

दिवाळीत तो आला आणि मोबाइलचा स्टँड घेऊन थेट रोडपालीला काकीकडे पोचला. मी तिथेच होते.

"काकी, तुझी लसणाची चटणी आमच्या कूकना जमत नाही. करून दाखव ना, मी शूट करतो."

काकी लगेच उठली. मी तिला अडवलं. "आधी दुकानाच्या भिंतीवर हिचा फोटो लाव."

तो हसला. "ताई, ते ब्रँडिंग आहे. लोकांना आईची गोष्ट आवडते."

"खोटी गोष्ट!"

"जाऊ दे गो बाय," काकी म्हणाली. "फोटू लावून मना काय कराचा हाय? चटणी दिली तर कमी नाय होत."

मला तिचाही राग आला. तिने खोबरं भाजायला घेतलं, पदर सारखा केला, मोबाइलकडे बघून हसली.

"काकी, चेहरा नको. फक्त हात दिसू देत."

मी तो स्टँड लाथेने उडवला. मोबाइल फुटला. भाऊ तोंडाला येईल ते बोलला, मीही ऐकून घेतलं नाही. काकी कढई उतरवून रडत बसली.

महिन्याभराने त्याने दुकानाचा नवा फोटो पाठवला. आई भिंतीवरून गेली होती. तिच्या जागी इंटरनेटवरून उचललेली कुठलीतरी हातगाडी, मागे कुणीतरी हसरा तरुण. पनवेलचं नाव नाही, काकीचं तर नाहीच.

मी उत्तर दिलेलं नाही. काकी मात्र भेटली की विचारते, "चटणी जमली का गो त्याला?"